खेळाचा तास कोठून काढावा : सीमाभागातील नोकरदार आईसाठी थ्रोबॉलची वाट

मी एका पतसंस्थेत कारकून आहे, बेळगावच्या वडगावात राहते आणि मला दहा वर्षांचा मुलगा व सहा वर्षांची मुलगी आहे. काही वर्षांपूर्वी घर आणि नोकरी यांच्या ओढाताणीत जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कोणीतरी सुचवले म्हणून मी पहाटे साडेचारचा गजर लावून धावायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे स्वतःच्या कौतुकात गेले. तिसऱ्या आठवड्यात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी थांबले असताना स्कूटीवर बसल्या बसल्याच माझा डोळा लागला, आणि मागच्या रिक्षाच्या हॉर्नने जाग आली. त्याच दिवशी मी ४०,००० रुपयांची ठेव ४,००० म्हणून नोंदवली, संध्याकाळी हिशेब जुळेना, आणि ती चूक सापडेपर्यंत माझ्यामुळे दोन सहकारी रात्री नऊपर्यंत ताटकळले.

दुसऱ्या दिवशी धावणे बंद केले. व्यायाम आपल्या नशिबी नाही, असे मी बरेच दिवस धरून चालले होते. पुढे लक्षात आले की घरातले एकही काम कमी न करता, एकाही माणसाला तोशीस न लावता, मी तो तास माझ्या झोपेतून काढला होता. थकलेल्या आईला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तो कोणाच्या वाट्यातून काढायचा हे कोणी बोलत नाही. या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे. चेंडू, जाळी आणि बूट ही त्यामानाने सोपी बाब आहे.

पहिली पायरी : एका आठवड्याची नोंद

भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर दुधाचा हिशेब लिहिण्याची आपल्या घरांत रीत आहे. तशीच एक नोंद सात दिवस ठेवावी. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला कोणी काय केले, हे नवऱ्यासह घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावापुढे लिहावे. त्यात केवळ स्वयंपाक, धुणे, भांडी एवढेच न लिहिता लक्षात ठेवण्याची कामेही लिहावीत : नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, गॅस कधी लावला, मुलीच्या वहीला कव्हर घालायचे राहिले, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या. ही कामे घड्याळात दिसत नाहीत, परंतु डोक्यातली जागा तीच खातात.

नोंद पूर्ण झाली की कोणाशीही न भांडता ती जेवणाच्या वेळी मधोमध ठेवावी. माझ्या घरी असे वाद घालून यापूर्वी कधी काही निष्पन्न झाले नव्हते, कागदापुढे मात्र हे बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “इस्त्री मी करतो.” इस्त्रीने भागणार नव्हते. आठवड्यातून तीनदा प्रत्येकी सव्वा तास, म्हणजे जाण्यायेण्यासह पावणेचार तास, मला मोकळे हवे होते, आणि त्यासाठी मंगळवार व गुरुवार या दोन संध्याकाळचा स्वयंपाक आणि शनिवारी मुलाला शिकवणीला पोहोचवणे ही कामे माझ्या हातून पूर्णपणे जायला हवी होती.

‘पूर्णपणे’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देते. मदत मागू नये, काम सोपवावे. मदत मागितली की भाजी कोणती, कांदा किती, मीठ घातले का, हे सारे प्रश्न पुन्हा आपल्याकडेच येतात आणि शरीर मैदानावर असले तरी डोके ओट्यापाशीच राहते. मंगळवारचा स्वयंपाक ज्याचा, त्यानेच भाजी ठरवायची, आणायची, करायची आणि ओटाही पुसायचा. पहिल्या मंगळवारी मैदानावर मला घरून फोन आला : हिंग कुठे आहे? दुसऱ्या मंगळवारपासून मी फोन स्कूटीच्या डिकीत ठेवू लागले. त्या रात्री आमटीत हिंग नव्हता, एवढेच झाले.

ज्या घरात काम सोपवायला दुसरे मोठे माणूसच नाही, तिथे हा उपाय चालत नाही. एकटीने मुले वाढवणाऱ्या आईने आठवड्याला तीनऐवजी एकच दिवस धरावा आणि त्या दिवशी एखाद्या शेजारणीशी अदलाबदल करावी : मंगळवारी तिची मुले आपल्याकडे, गुरुवारी आपली तिच्याकडे. आमच्यातल्या दोघी असेच करतात.

कोणती वेळ निवडावी, याचा निर्णय आपल्या भागाकडे पाहून घ्यावा. जानेवारीत बेळगावला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे शाळेच्या गाडीआधी खेळायचे म्हटले तर अंधारात, धुक्यात आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळीतून जावे लागते. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात आणि त्यांच्या मागे बहुधा दिवाही नसतो, म्हणून तिथे कडेने चालणे किंवा धावणे मी कोणाला सुचवणार नाही. कामावरून परस्पर मैदानावर जाणे हे सर्वांत टिकाऊ ठरते, कारण एकदा घरात पाऊल टाकले की पुन्हा बाहेर पडणे जवळपास अशक्य असते. गावातून शहरात येणाऱ्यांनी शक्ती योजनेचा उपयोग करावा; ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्यातील साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, फक्त राज्यातील पत्ता असलेले ओळखपत्र जवळ लागते.

दुसरी पायरी : रक्ताची तपासणी आणि एक संकोचाचा प्रश्न

थकवा हा नेहमीच कामाचा असतो असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानतात. तेव्हा बूट घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या दोन तपासण्या करून घ्याव्यात आणि रक्तदाब मोजून घ्यावा. माझे हिमोग्लोबिन ९.४ निघाले, जिन्याचे दोन मजले चढताना लागणारी धाप मी वयावर ढकलत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नयेत, चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबाचे पाणी मात्र त्यास मदत करते. छातीत दुखणे, भोवळ येणे, विश्रांतीतही धडधडणे असे काही असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय सुरुवातच करू नये.

बाळंतपण नुकतेच झाले असेल तर वेगळी सावधगिरी हवी. चालणे लवकर सुरू करता येते, पण धावणे आणि उड्या यांसाठी किमान १२ आठवडे थांबावे, आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असल्यास डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

आता संकोचाचा प्रश्न. उडी मारताना, खोकताना, धावताना थोडी लघवी सुटते म्हणून कित्येक आया खेळापासून दूर राहतात आणि कारण मात्र गुडघ्याचे सांगतात. ही तक्रार बाळंतपणानंतर अगदी सर्रास आढळते आणि बहुतेक वेळा सुधारते. ओटीपोटाच्या तळाशी, लघवी आणि वायू रोखून धरणारे जे स्नायू असतात, ते आत आणि वर ओढून घ्यावेत, श्वास न कोंडता पाच सेकंद धरावेत, सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या किंवा पोट आवळू नये, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात. बसमध्ये उभे राहूनही हे करता येते, कोणाला कळत नाही. अंग बाहेर आल्यासारखे वाटत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय उड्या मारू नयेत.

तिसरी पायरी : धावण्याऐवजी थ्रोबॉल का

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हा आकडा एकटीने चालूनही गाठता येतो. तरीही मी सांघिक खेळाच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे : एकटीचे चालणे कोणत्याही कारणाने रद्द होते. पाहुणे आले, कुकरची शिट्टी बिघडली, मुलाला प्रकल्प करायचा आहे, की पहिली काट आपल्या चालण्यावरच पडते. मैदानावर सहा जणी वाट पाहत असतात तेव्हा ‘मला जायला हवे’ हे वाक्य घरातही मानले जाते आणि आपल्या स्वतःच्या मनालाही पटते. शिवाय चालताना डोक्यात उद्याच्या डब्याचे चक्र चालूच राहते. अंगावर चेंडू येत असताना ते चालू ठेवणे शक्य नसते.

आपल्या भागाला मुलींच्या खेळाचे वावडे नाही. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले, हे इथल्या शाळकरी मुलींनाही ठाऊक आहे. खंड पडतो तो लग्नानंतर. आणि म्हणूनच मी नवा खेळ शिकण्यापेक्षा जुना खेळ उकरून काढण्याच्या मताची आहे. कर्नाटकातील शाळांत शिकलेल्या बहुतेक मुलींनी थ्रोबॉल एकदा तरी खेळलेला असतो. हाताला तो आठवतो.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला सात खेळाडू, १८.३० मीटर लांब आणि १२.२० मीटर रुंद मैदान, मधे २.२० मीटर उंचीची जाळी. चेंडू व्हॉलीबॉलसारखाच, परंतु मारायचा नसतो. तो दोन्ही हातांनी झेलायचा आणि तीन सेकंदांच्या आत एका हाताने, खांद्याच्या वरून, जाळीपलीकडे फेकायचा. आपल्याच संघातल्या दुसरीकडे द्यायचा नाही, निसटता झेल चालत नाही, फेकताना जाळीला अंग लागता कामा नये. आपसात खेळताना १५ गुणांचा डाव आणि तीनपैकी दोन डाव पुरेसे होतात. समोरच्या खेळाडूशी अंगाला अंग लागत नसल्याने धक्काबुक्की नाही आणि चाळिशीतली बाईही दुसऱ्या महिन्यापासून बरी खेळू शकते.

चौथी पायरी : बायका, मैदान, जाळी

खेळायला चौदा जणी लागतात म्हणून थांबू नये. तिघी विरुद्ध तिघी अर्ध्या मैदानावर उत्तम खेळता येते. मात्र रोज सहा जणी हव्या असतील तर यादीत बारा जणी असाव्या लागतात, कारण कोणाकडे वास्तुशांत, कोणाच्या मुलाला ताप, कोणाचे महिन्याअखेरचे काम, हे चालायचेच. या बारा जणी शोधायला भिशी, स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, साप्ताहिक बैठक, शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट पाहणारा घोळका, ही ठिकाणे पुरेशी आहेत. आमच्यात दोन शिक्षिका, एक परिचारिका, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात जाणारी एक, घरी यंत्रमाग असलेल्या दोघी आणि आणखी सहा जणी आहेत. वय २८ ते ५१. पाच जणींची घरची भाषा कन्नड आहे.

शहरात व्हॅक्सिन डेपो किंवा लेले मैदानासारख्या मोकळ्या जागा आहेत, परंतु तिथे संध्याकाळी क्रिकेटवाल्या मुलांशी जागेवरून रोज हुज्जत घालावी लागते. त्यापेक्षा जवळच्या शाळेचे पटांगण मागावे. सरकारी शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा सुधारणा समिती, म्हणजे एसडीएमसी, या दोघांच्या नावे अर्ज करावा. अर्ज कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहावा, म्हणजे तो भाषांतरासाठी कोणाच्या टेबलावर पडून राहत नाही. त्यात खेळणाऱ्यांची नावे, वार, वेळ, फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, मोडतोड झाल्यास भरपाई कोण देईल आणि पटांगण झाडून परत देऊ, हे सारे लिहावे. आम्हाला एका शाळेने नकार दिला. दुसरीने शनिवारी मुलींना सराव द्या या अटीवर होकार दिला, आणि ती अट आमच्याच फायद्याची ठरली, कारण आठवीतल्या त्या मुलींनी आम्हाला नियम शिकवले.

जाळी, चेंडू आणि दोन लोखंडी खांब वर्गणीतून घ्यावेत. खांब पुरण्याऐवजी सिमेंट भरलेल्या जुन्या टायरमध्ये उभे केले तर ते हलवता येतात. पटांगणावर खडी असेल तर आधी ती वेचावी. हे कंटाळवाणे काम आहे, आणि आम्ही ते केले नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात एकीचा घोटा मुरगळला.

मुलांसाठी एक पाळी लावावी. प्रत्येक संध्याकाळी एकजण खेळायचे सोडून कडेला मुलांकडे पाहते आणि सर्वांचे फोन तिच्याकडे असतात. खरी निकड असेल तरच ती हाक मारते. हिंगासाठी मारत नाही.

पाचवी पायरी : अंग तयार करणारे आठ आठवडे

बहुतेक जणी इथेच चुकतात. शाळेत खेळलेले मनाला कालचे वाटते, पण खांदा आणि पिंढऱ्या यांना मधली पंधरा वर्षे मोजता येतात.

पहिले दोन आठवडे तीन दिवस केवळ ३० मिनिटे भरभर चालावे. वेग इतका असावा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट हळू धावणे, असे पाच वेळा करावे. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात तीन मिनिटे चालणे, दोन मिनिटे धावणे, आणि त्यानंतर भिंतीवर चेंडू फेकून झेलण्याचा सराव. पहिल्या दिवशी ३० फेकी, त्यापेक्षा अधिक नाही, आणि दर आठवड्याला दहाच वाढवाव्यात. उत्साहात शंभर फेकी मारलेल्या हाताला दुसऱ्या दिवशी पोळी लाटता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. सातव्या आठवड्यापासून अर्ध्या मैदानावर तिघी-तिघींचा खेळ सुरू करावा.

याच काळात आठवड्यातून दोन दिवस, घरीच, वीस मिनिटे बळाचा व्यायाम करावा. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा वेळा, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली पंधरा वेळा, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे दहा वेळा. या सर्वांची दोन आवर्तने. सोपे वाटू लागले की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्यावी. माझी मुलगी माझ्यासोबत हे करते आणि मोजताना मुद्दाम आकडे चुकवते.

खेळण्याआधी दहा मिनिटे अंग गरम करणे सक्तीचे ठेवावे : पटांगणाला दोन फेऱ्या, खांद्यांची वर्तुळे, बाजूला सरकत पावले, शेवटी हलक्या चार-पाच उड्या. उडीवरून खाली येताना गुडघे वाकवून, आवाज न करता उतरण्याची सवय लावून घ्यावी. पाय धप्पकन आपटले तर तो भार गुडघ्यावर जातो.

बुटांबाबत एकच सांगते. ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, घालून पाहून घ्यावेत आणि पुढे अंगठाभर जागा असावी. चपलेने किंवा अनवाणी खेळू नये. सलवार-कमीज चालते, परंतु ओढणी घरी ठेवावी, आणि अंगाला घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा हा खर्च वायफळ समजू नये.

दागिन्यांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक असतो. अंगठी काढलीच पाहिजे, कारण झेलताना बोट दुखावले आणि सुजले तर अंगठी कापावी लागते. लांब मंगळसूत्र आत खोचून पिन लावावी. काचेच्या बांगड्या काढण्यावरून आमच्या एकीच्या घरी बोलणी झाली, तेव्हा यंत्रमागवाल्या वहिनींनी जुन्या मोज्याचा वरचा लवचीक भाग कापून आणला, बांगड्या मनगटावर घट्ट सारल्या आणि त्यावर तो चढवला. काच फुटली तरी बाहेर येत नाही. आता आमच्यातल्या सात जणींच्या हातांवर शाळेच्या मोज्यांचे पांढरे तुकडे असतात, काहींवर निळी पट्टीही आहे.

मैदानावर

पहिला खेळ माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. चेंडू उंच आला, मी आणि अक्का, म्हणजे आमची परिचारिका, दोघीही त्याच्याखाली धावलो, दोघीही शेवटच्या क्षणी भिडस्तपणे थांबलो, आणि चेंडू आमच्या मधोमध मातीत पडला. “तुम्ही घ्या की,” मी म्हटले. “तुझाच होता गं,” अक्का म्हणाली. पलीकडून हसण्याचा फवारा उडाला.

थ्रोबॉलमध्ये ओरडावे लागते. चेंडू आपल्याकडे येत असेल तर ‘माझा!’ असे मोठ्याने म्हणावे आणि मग मागे हटू नये, नाहीतर दोघींची डोकी आपटतात. आमच्याकडे निम्म्या जणी ‘माझा!’ म्हणतात आणि निम्म्या कन्नडमधून ‘नंदू!’, अर्थ एकच आहे आणि चार दिवसांत दोन्ही शब्द सर्वांच्या तोंडी बसतात. गंमत अशी की झेलणे यायच्या कितीतरी नंतर आमच्यातल्या बऱ्याच जणींना ओरडणे आले. शिक्षिका असलेल्या बाई, ज्यांचा आवाज वर्गात चाळीस मुलांवर चालतो, त्यांचा ‘माझा’ दीड महिना कोणाला ऐकूच येत नव्हता. म्हणून पहिल्या चार आठवड्यांत आम्ही नियम केला की न ओरडता घेतलेला झेल चांगला असला तरी गुण समोरच्यांना. हा नियम प्रत्येक नव्या गटाने करावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

झेलताना बोटे वर आणि पसरलेली, अंगठे एकमेकांजवळ, कोपर किंचित वाकलेले ठेवावेत. बोटांची टोके चेंडूकडे रोखली की बोट आखडते. बोट दुखावलेच तर ते ओढू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावून शेजारच्या बोटाला पट्टीने बांधावे. वाकडे दिसत असेल किंवा हलत नसेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. मुरगळलेल्या घोट्यालाही बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवून विश्रांती. चार पावलेही टाकता येत नसतील तर दवाखाना.

सासूबाई पहिल्या महिन्यात “या वयात चेंडू?” असे म्हणत होत्या. पुढे नातीला सांभाळायच्या निमित्ताने त्या पटांगणाच्या कट्ट्यावर येऊन बसू लागल्या आणि आता गुण त्याच मोजतात, चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकून. माझ्या फायद्याची चूक त्या कधीच करत नाहीत, हे मला खुपते.

खाणे आणि पाळीचे दिवस

कामावरून परस्पर मैदानावर जायचे तर दुपारच्या डब्यानंतर पाच तास उलटलेले असतात. खेळाच्या तासभर आधी एक केळे, किंवा मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खावा. घरी आल्यावर नाचणीची आंबील, मटकीची उसळ आणि भाकरी, अंडे खाणाऱ्यांनी अंडे. सर्वांना वाढून उरलेले खाण्याची पद्धत मात्र खेळणाऱ्या बाईने सोडलीच पाहिजे. उसळ बहुधा आधी संपते आणि आपल्या वाट्याला भात आणि आमटीचे पाणी येते.

पाळीत खेळावे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. खेळल्याने अपाय होत नाही, काहींना पोटदुखी कमी वाटते. रक्तस्राव फार होत असेल तर मात्र तपासणी करावी, रक्तक्षयाचे मूळ कित्येकदा तिथेच असते.

खेळाने जे होत नाही

तीन-चार महिन्यांत मला झोप गाढ लागू लागली, मुलांवर विनाकारण खेकसणे कमी झाले, आणि वसुलीच्या दिवसांत छातीवर जे दडपण येत असे ते पूर्वीइतके टिकेनासे झाले. परंतु माझे काम कमी झाले नाही, पगार वाढला नाही, आणि सासऱ्यांचे आजारपण खेळाने टळले नाही. ज्या बाईच्या घरात मारहाण आहे, तिला कोणी थ्रोबॉलचा सल्ला देऊ नये. तसेच सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे, जगणे नकोसे होणे, ही आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि भाषा निवडता येते. आमच्यातल्या एकीने तो क्रमांक मैदानावरच, कट्ट्यावर बसून लावला. ती पुढे सहा आठवडे खेळायला आली नाही, आणि तिचे नाव आम्ही यादीतून काढले नाही.

पाऊस आणि खंड

मिरग लागला की आपल्याकडे चार महिने पटांगण विसरावे. खानापूरच्या पश्चिमेला तर त्याआधीच चिखल होतो. या दिवसांत बळाचा व्यायाम दोनऐवजी तीन दिवस करावा, इमारतीचा जिना दहा मिनिटे चढावा-उतरावा, ओटीपोटाच्या स्नायूंना त्रास नसेल तर दोरीच्या उड्या माराव्यात. ठरलेले वार आणि वेळ मात्र सोडू नयेत. मंगळवार मोकळा दिसला की घर तो आठवड्याभरात परत घेते. म्हणून आम्ही पावसाळ्यात त्याच वेळी एका वहिनींच्या माग बंद असलेल्या शेडमध्ये जमतो, तिथे चेंडू उंच फेकता येत नाही, पण झेलता येतो. उघडीप मिळाली तर एखाद्या रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड मुलांना घेऊन चढावा. गडावर गाडीनेही जाता येते, तरी ती खालीच लावावी.

गणपती, परीक्षा, आजारपण यांमुळे खंड पडतोच. दोन आठवड्यांपर्यंतचा खंड असेल तर निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी. महिन्याहून मोठा असेल तर पुन्हा चार मिनिटे चालणे, एक मिनिट धावणे इथूनच. लाज वाटू देऊ नये. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही बाराही जणी तिथूनच सुरू करतो.

मेअखेर जाळी उतरवताना ती ओली गुंडाळू नये, नाहीतर दोऱ्या कुजतात. साध्या पाण्यात धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पोत्यात भरावी आणि उंदीर नसलेल्या घरी ठेवावी. चेंडूतली थोडी हवा काढावी. पंप कोणाकडे आहे, हे त्याच दिवशी दिनदर्शिकेच्या ऑक्टोबरच्या पानावर लिहून ठेवावे, कारण आमच्याकडे तो दरवर्षी हरवतो.